काजव्यांचा रकाना

मित्रांनो, मला सगळे पेटी म्हणतात. पेटी म्हटल्यावर तुम्हाला भजनातली पेटी आठवली असेल, तर ती मी नव्हे. मला ना सूर, ना ताल. माझ्या पोटात काचेची एक उभी नळी आहे, नळीच्या तळाशी थोडासा पारा आहे आणि शेजारी गुंडाळलेला कापडी पट्टा आहे. पट्टा दंडाला बांधायचा, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरायची आणि मग ती हळूहळू सोडायची. पारा वर चढतो, खाली येतो आणि माणसाच्या अंगात रक्त किती जोरानं धावतंय ते सांगतो. शिकलेले लोक मला रक्तदाबमापक म्हणतात. एवढं लांबलचक नाव आमच्या धामणदऱ्यात कोण घेत बसणार? तिथं मी पाऱ्याची पेटी होते आणि आता जुनी पाऱ्याची पेटी झाले आहे. मला जुनी म्हटलेलं चालतं. खोटी म्हटलेलं मात्र चालत नाही.

माझा जन्म नगरच्या वेशीवर, नागापूरच्या एमआयडीसीतला. पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानसा कारखाना होता आणि तिथं पुष्पावती नावाची बाई नळीत पारा भरायची. दिवसाला वीसेक पेट्या तिच्या हाताखालून जायच्या. प्रत्येक पेटी ती डोळ्यासमोर धरायची आणि पारा बरोबर शून्याच्या रेघेवर येईपर्यंत खाली ठेवायची नाही. पोरीला शाळेत धाडताना समजवावं तशी ती आम्हाला समजवायची, "हे बघ बाय, आधी शून्यावर उभी ऱ्हा. जी शून्यावर खरी, तीच वर गेल्यावर खरी." मग ती पेटीत दोन पट्टे ठेवायची, एक रुंद आणि एक अरुंद. पॅक करणाऱ्यांना बजावायची, "ह्यो भरल्या दंडाला, ह्यो बारीक दंडाला." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी मात्र ऐकलं होतं. पण मला सांगता कुठं येतं? मला फक्त चढता येतं आणि उतरता येतं.

तिथून मी आले पाथर्डीकडच्या डोंगरात, धामणदऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात. डोंगराचं नाव गर्भगिरी. गरोदर बायांची सेवा करायला याहून योग्य पत्ता कुठला मिळणार? उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक कडुलिंब. तिथं नर्स होत्या राजेश्वरी गर्जे सिस्टर, तेव्हा नुकत्याच रुजू झालेल्या. आणि मदतनीस होती कडूबाई. आईबापांनी दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव कडू ठेवलं, पण बोलणं तिखट आहे हे त्यांना नंतर कळलं असावं.

सिस्टरांचा एक नियम होता. बाई आली की आधी पाच मिनिटं भिंतीला टेकून गप्प बसायचं. मगच पट्टा बांधायचा. हा नियम पाळून घ्यायचं काम कडूबाईचं. "मांडी घालू नगं, पाय खाली सोड. आन् तोंड बंद! तोंड चाललं की पारा चढतो," असं ती दरडावायची, आणि ते खरंही होतं. सिस्टर माझा आकडा जसाच्या तसा लिहायच्या. वरचा आकडा एकशेचाळीसला गेला किंवा खालचा नव्वदला टेकला, की त्यांची भुवई वर चढायची आणि त्या बाईला तालुक्याला धाडल्याशिवाय ती खाली यायची नाही. "पेटी म्हणती म्हणजे खरंच," असं बाया म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझी मान ताठ व्हायची. तशी ती ताठच असते.

आमच्या गावाची रीत तुम्हाला सांगायला हवी. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. नवराबायकोच्या जोडीला इथं 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, चार हात, पण मोजायचं एक. मुकादम विचारतो, "किती कोयते?" त्यातली बाई पोटुशी आहे का, हे त्या मोजणीत कुठंच येत नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कडूबाईची धाकटी बहीण साळूबाई सातवा महिना लागताना माझ्यापुढं बसली. दुसऱ्या दिवशी तिची टोळी निघणार होती. सिस्टरांनी रुंद पट्टा बांधला. अरुंद पट्टा पहिल्या दिवसापासून माझ्या तळाशी घडी घालून पडला होता, कारण तो शाळेतल्या पोरांचा आहे असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. साळूबाईचा दंड म्हणजे उसाचं कांडं. त्यावर रुंद पट्टा जवळजवळ दोनदा फिरला. पारा थांबला एकशे चौतीस आणि शहाऐंशीवर. सिस्टरांनी कार्डावरचा प्रश्न वाचला, "दृष्टी अंधुक होते का?" साळूबाई म्हणाली, "न्हाई." सिस्टरांनी कार्डावर खूण केली आणि ती गेली.

तीन आठवड्यांनी उसाच्या फडात तिला आकडी आली. दवाखाना लांब होता. साळूबाई परत आली नाही, तिचं बाळही आलं नाही.

कडूबाई चौदा दिवसांनी कामावर आली. खोलीत कुणी नसताना तिनं मला पुसायला घेतलं आणि पुसता पुसता म्हणाली, "जायच्या दिशी सांजंला साळी मला म्हनली हुती, आक्का, दोन दिस झालं डोळ्यापुढं काजवे चमकत्यात. मी म्हनले, उपाशी ऱ्हातीस म्हून, भाकर खा." एवढं बोलून तिनं माझं झाकण लावलं. ही गोष्ट तिनं माणसांत कुणालाच सांगितली नाही, ना नवऱ्याला, ना सिस्टरांना. मला सांगितली, कारण मला बोलता येत नाही. मित्रांनो, मला फार फार वाईट वाटलं. मी खोटं बोलले नव्हते, पण माझ्या तोंडून पूर्ण खरंही निघालं नव्हतं.

पुढं काळ बदलला. पांढरीशुभ्र नवी मशीन आली. बटण दाबलं की गुरगुरायची, आपलीच हवा आपण भरायची आणि पीं पीं करून आकडा दाखवायची. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसं झालं. पाठोपाठ वरून हुकूम आला की पाऱ्याची यंत्रं जमा करा. हुकूम चुकीचा नव्हता. मी फुटले तर माझा पारा विषारी, तो हातानं गोळा करण्याचीही वस्तू नव्हे. पण कडूबाईनं मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि कपाटात कापसाच्या गठ्ठ्यांमागं सरकवलं. सिस्टरांना ते ठाऊक होतं. त्यांनी फक्त त्या खणाकडे बघायचं सोडून दिलं. मी तिथं चार वर्षं अंधारात राहिले. कुणी शून्य पाहिलं नाही, कुणी धूळ पुसली नाही. नव्या मशीनचं पीं पीं मात्र रोज ऐकू यायचं.

मग एके दिवशी डॉक्टर ज्ञानेश्वरी दहिफळे आल्या. त्या याच भागातल्या. त्यांची आईही कधीकाळी कोयत्यावर जायची. त्यांना संशोधन करायचं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांत रक्तदाब किती जणींचा वाढतो, तो वेळेत का ओळखला जात नाही आणि कसा ओळखता येईल, हे शोधायचं होतं. आल्या आल्या त्यांनी नव्या मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला पडताळून बघायला पाऱ्याची एखादी पेटी आहे का हो? आता कुठं मिळतच नाही."

 सिस्टरांनी कडूबाईकडे पाहिलं, कडूबाईनं आढ्याकडे.

"एक हाय," कडूबाई शेवटी म्हणाली. "पन न्यायची न्हाई."

लुगडं सुटलं, झाकण उघडलं आणि चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. डॉक्टरबाई खाली वाकल्या. माझा पारा बरोबर शून्यावर उभा होता. पुष्पावती, तू तिथं असायला हवी होतीस!

डॉक्टरबाईंनी तळाचा अरुंद पट्टा काढला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा आहे तुमच्याकडे? मग वापरत का नाही?"

"तो पोरांचा आहे ना?" सिस्टर म्हणाल्या.

"नाही हो. हा बारीक दंडाचा." त्यांनी टेप काढून बायांचे दंड मोजायला सुरुवात केली. कुणाचा एकवीस सेंटीमीटर, कुणाचा बावीस. "बारीक दंडाला रुंद पट्टा बांधला की आकडा खऱ्याहून कमी येतो. आपल्या निम्म्या बायांना हाच लागतो."

सिस्टर खुर्चीत बसल्या. "म्हणजे तेव्हा साळूबाईचा..." एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. कडूबाई उठली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला गेली.

संशोधन सुरू झालं. दर सोमवारी बाया यायच्या. आधी नवी मशीन, मग मी. शिवाय चार पानांचा एक छापील फॉर्म होता. त्यात सतरावा प्रश्न असा होता: 'आपणांस दृष्टिदोष जाणवतो का?' सिस्टर वाचायच्या, बाया म्हणायच्या, "न्हाई." दहा बाया झाल्या, पन्नास झाल्या, दोनशे झाल्या. सतराव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही. माझ्या नळीत पारा एकशेपन्नासला गेलेल्या बायासुद्धा ठणठणीत आवाजात नाही म्हणायच्या.

डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. "पुस्तकात लिहिलंय की दाब फार वाढला तर डोळ्यांवर परिणाम होतो. जगभर बाया सांगतात. आपल्याकडेच एकही कशी नाही?" त्या फॉर्म उलटसुलट करून बघायच्या, शहरातल्या प्राध्यापकांना फोन करायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कळसा तिथंच फरशी पुसत होता. मला तर वाटायचं, काच फोडून ओरडावं.

शेवटी दोनशे चौथ्या बाईला प्रश्न विचारून झाला आणि कडूबाईनं फडकं बादलीत टाकलं.

"डाक्टरीनबाई, असं इचारून कुनी व्हय म्हननार न्हाई. दृष्टिदोष म्हंजी आमच्यात काय म्हाईतीय? दृष्ट लागनं, न्हाईतर चष्मा. पोटुशा बाईला कुनी इचारलं, तुला दृष्टीचा दोष हाय का, तर ती काय म्हनंल? ती म्हननार, न्हाई बाई, आमच्या घरात तसलं काय न्हाई."

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. "मग कसं विचारायचं?"

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. नऊ वर्षं फक्त मला ठाऊक असलेली गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. "डोळ्यापुढं काजवे चमकत्यात का, असं इचारा," ती म्हणाली. "माजी साळी म्हनली हुती. मला. मी तिला म्हनले, भाकर खा." आणि ती सिस्टरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं रडं होतं ते. सिस्टरही रडल्या. नऊ वर्षांत दोघी त्याविषयी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या सोमवारी फॉर्मच्या सतराव्या प्रश्नावर काट मारलेली होती. वर पेनानं लिहिलं होतं: 'डोळ्यापुढं काजवे चमकतात का?' त्या रकान्याचं नावच काजव्यांचा रकाना पडलं आणि तो प्रश्न विचारायचा मान कडूबाईचा. पहिल्याच दिवशी अकरा बायांपैकी तिघी म्हणाल्या, "व्हय." एक तर म्हणाली, "मावशे, तुमाला कसं कळलं?"

डॉक्टरबाईंनी लगेच बजावलंही, "कडूबाई, काजवे भुकेनंही चमकतात, अंगात रक्त कमी असलं तरी चमकतात. काजवे म्हणजे दाब वाढलाच, असं नाही. काजवे म्हणजे बाईला बसवून पेटी पुन्हा नीट लावायची." कडूबाईनं ते मंत्रासारखं पाठ केलं.

आणि मग आला दसऱ्यानंतरचा तो दिवस. सकाळी दहा वाजता टोळीचा ट्रक कडुलिंबाखाली उभा. वर भांडीकुंडी, पाल बांधायच्या काठ्या, कोंबड्यांची खुराडी. वैजनाथ मुकादम घाई करत होता. निघण्याआधी गरोदर बायांची तपासणी करायची असं सिस्टरांनी त्याच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं. डॉक्टरबाई त्या दिवशी दुसऱ्या गावात होत्या. घाई म्हणून सिस्टरांनी नवी मशीनच लावली, तिला एकच रुंद पट्टा होता.

मोनिका बसली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा नुकताच लागलेला, हातात हिरव्या बांगड्या. नवरा कल्याण ट्रकवर गाठोडी बांधत होता. मशीन गुरगुरली आणि म्हणाली, एकशे छत्तीस, शहाऐंशी. सिस्टरांनी लिहिलं, "काठावर आहे, पण ठीक."

मोनिका उठू लागली. कडूबाई दारात फॉर्म घेऊन उभी होती. तिला लिहिता येत नाही, पण सतरावा रकाना बोटानं दाखवता येतो. "थांब गं. डोळ्यापुढं काजवे चमकत्यात का?"

"चमकत्यात की. कालपस्नं लई," मोनिका हसत म्हणाली. "आन् ह्या बांगड्या बगा की मावशे, परवा भरल्या तवा सैल हुत्या. आता रुतत्यात."

कडूबाईचा चेहरा मला समोरूनच दिसत होता.  तिनं मोनिकाला परत बसवलं, पाठ भिंतीला टेकवली, पाय खाली सोडायला लावले आणि माझं झाकण उघडलं. सिस्टरांनी आधी माझा पारा शून्यावर आहे ना ते बघितलं. मग अरुंद पट्टा बांधला.

मित्रांनो, मी जन्मभर चढले-उतरले, पण त्या दिवशीइतक्या काळजीनं कधी चढले नव्हते. हवा सुटू लागली. सिस्टरांच्या कानातल्या नळ्यांत पहिला ठोका वाजला, मी एकशे बावन्नवर होते. शेवटचा विरला तेव्हा एकशे दोनवर. सिस्टरांनी पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तोच आकडा. लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग हिरवा झाला, म्हणजे मूत्रपिंडांनाही त्रास सुरू झाला होता. सिस्टरांची भुवई वर गेली. किती वर्षांनी पाहिली मी ती!

"मोनिका जाणार नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "तिला आत्ता तालुक्याला न्यायचंय."

वैजनाथ मुकादम तडक आत आला. "आवं शिस्टर, मशीन म्हनती ठीक हाय. आता ह्या जुन्या डब्याचं ऐकून मी कोयता मोडू व्हय? अर्धा कोयता घिऊन मी काय करू?"

डबा! मला असा राग आला की पारा नळीबाहेर पडला असता. पण मला बोलावं लागलं नाही.

"वैजनाथा," कडूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माजी साळी तुज्याच गाडीत बसली हुती. तिलाबी काजवे चमकत हुते. मी तिला भाकर खा म्हनले, आन् तू तिला चल म्हनला. आपन दोघंबी चुकलो. मी आता पुन्यांदा चुकनार न्हाई. तुला चुकायचं आसंल तर माज्यावरनं गाडी ने."

 कल्याण ट्रकवरून उतरला. त्यानं आपलं गाठोडं ओढून खाली टाकलं आणि म्हणाला, "मुकादम, कोयता मोडला तर मोडला. मानूस मोडू नाय."

वैजनाथ मुकादम खोलीबाहेर आला, कडुलिंबाखाली थांबला. साळूबाईला फडातून बैलगाडीत घालून दवाखान्याकडे त्यानंच पळवलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. मग तो ट्रककडे वळला आणि ओरडला, "उतरा रं समदे! टोळी दुपारनं निघंल. ज्या बाया पोटुशा हायती, त्या आधी पेटीम्होरं बसतील."

टाळ्या-बिळ्या काही वाजल्या नाहीत. पण माझ्या आयुष्यात त्याहून मोठा सन्मान मला मिळालेला नाही. सिस्टरांनी डॉक्टरबाईंना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून मोनिकाला पहिली गोळी दिली आणि १०८ची गाडी तिला घेऊन गेली. त्या दुपारी आणखी सात बाया माझ्यापुढं बसल्या. त्यातल्या एकीचा पारा चढला, तीही राहिली. बाकीच्या सहाजणी हसत गेल्या आणि मुकादमानं जाताना माझ्याकडे चोरून पाहिलं. डबा म्हटल्याची माफी त्यानं तशी मागितली, असं मी धरून चालते.

मोनिका पाच आठवडे दवाखान्याच्या देखरेखीखाली होती. गोळ्या, रोजची मोजणी, बाळाच्या ठोक्यांची तपासणी. मग एका सकाळी सिस्टरांचा फोन वाजला. कल्याण ओरडून बोलत होता, "मुलगी झाली! दोन किलो शंभर! लई रडती!" मागून खरंच रडणं ऐकू येत होतं. कडूबाईनं फोन सिस्टरांच्या हातातून घेतला आणि माझ्या झाकणाशी धरला. "ऐक बाय, ऐक," ती म्हणाली. मी ऐकलं. सिस्टरांच्या कानातल्या नळ्यांतून मी हजारो ठोके ऐकवले, पण स्वतःसाठी ऐकलेला तो पहिला आवाज.

दोन हंगाम संशोधन चाललं. मग शहरात डॉक्टरांची मोठी सभा भरली. कडूबाई मला मांडीवर घेऊन एसटीनं गेली आणि कंडक्टरला तिनं सांगून ठेवलं, "खड्ड्यात हळू घ्या, म्हातारी काचंची हाय." डॉक्टरबाईंनी पडद्यावर आकडे दाखवले. जुन्या प्रश्नाला दोनशे चार बायांतून होकार शून्य. नव्या प्रश्नाला एकशे ऐंशी बायांतून एकतीस. त्या एकतिसांपैकी चौदा जणींचा दाब अरुंद पट्ट्यानं वाढलेला निघाला आणि त्यातल्या नऊ जणींना रुंद पट्ट्यानं 'ठीक' म्हणून सोडलं असतं. चौदाच्या चौदा आया आणि त्यांची बाळं घरी आली.

पुढच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर उठले. "काम चांगलं आहे. पण 'काजवे' हा काही वैद्यकीय शब्द नव्हे."

"नाही सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो बायांचा शब्द आहे. आजारही त्यांचाच आहे." आणि त्यांनी कडूबाईला उभं केलं. सगळं सभागृह उभं राहिलं, ते वयस्कर डॉक्टर सर्वांत आधी. कडूबाईला वाटलं सभा संपली, म्हणून ती मला उचलून दाराकडे निघाली.

पुढं या संशोधनाचा निबंध वैद्यकीय मासिकात छापून आला. डॉक्टरबाई अंक घेऊन धामणदऱ्यात आल्या. वरती तीन नावं होती: त्यांचं, राजेश्वरी सिस्टरांचं आणि कडूबाईचं. कडूबाईनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "आन् साळीचं नाव कुठं हाय?"

 साळूबाई त्या आकड्यांत नव्हतीच. ती आधीच गेली होती. डॉक्टरबाईंनी पानं उलटली, फॉर्म छापला होता ते पान काढलं आणि कडूबाईचं बोट धरून सतराव्या ओळीवर ठेवलं.

"साळूबाई आकड्यांत नाही, कडूबाई. ती प्रश्नात आहे. यापुढं जिला जिला हे विचारलं जाईल, तिला साळूबाईच विचारेल."

कडूबाई रडली नाही. तिनं अंक घडी घालून माझ्या झाकणात ठेवला. तो अजून तिथंच आहे.

आता माझं काम हलकं झालं आहे. नव्या मशिनींसोबत आता दोन पट्टे येतात आणि तालुक्यातली प्रत्येक नवी मशीन कामावर जाण्याआधी माझ्याशी जुळवून बघतात. सासूनं सुनेच्या हातची भाकरी चाखावी तशी मी त्यांची परीक्षा घेते, आणि खरं सांगायचं तर बहुतेकजणी चांगल्या निघतात. दसऱ्यानंतर ट्रक अजूनही कडुलिंबाखाली येतो. वैजनाथ मुकादम स्वतः खाली उतरून हाक मारतो, "कडूआक्का, आधी काजवे इचार, मग गाडी सुटंल!" आणि मोनिकाची मुलगी ओट्यावर बसून आपला इवलासा दंड पुढं करते. तिच्या दंडाला मात्र अरुंद पट्टाही मोठा होतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला जपा, पण पारा आहे हे विसरू नका, उगाच हात लावू नका. मोजण्याआधी शून्य बघा आणि दंड पाहून पट्टा बांधा. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी बाळाची वाट बघत असेल, तर तिच्याजवळ बसून तिच्याच बोलीत विचारा: डोकं ठणकतं का, बांगड्या रुततात का, डोळ्यापुढं काजवे चमकतात का? ती हो म्हणाली, तर भाकर खा म्हणून उठून जाऊ नका. तिला भाकर द्या आणि हात धरून पेटीपुढं आणून बसवा.